हरलेला डाव पुन्हा मांडावा

बुद्धिबळाविषयी आपल्या वस्त्यांमधून दोन समज फार पक्के आहेत. एक असा की, हा रिकामटेकड्यांचा खेळ. ज्याला कामधंदा नाही त्याने कट्ट्यावर बसून सोंगट्या सरकवाव्यात. दुसरा असा की, हा जन्मजात हुशार माणसांचा खेळ. आपल्या लेकरांच्या डोक्याचे ते काम नव्हे. पहिल्या समजापायी मुलांना पटावरून उठवले जाते आणि दुसऱ्यापायी त्यांना पटावर कोणी बसवतच नाही.

आम्ही काही मोठे खेळाडू नाही. कधी झालो नाही. परंतु गेली चाळीसहून अधिक वर्षे हा खेळ खेळत आणि त्याहून अधिक बघत आलो. मोठ्या खेळाडूंचे डाव घरी पटावर मांडायचे आणि एकेक चाल थांबून वाचायची, हा नाद आम्हाला लागला. त्या नादातून जे उमगले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच. उमगले ते एवढेच की, पटावर जी चाल चमत्कारासारखी दिसते तिच्यामागे चमत्कार नसतो, मोजदाद असते. आणि मोजदाद कोणालाही शिकता येते.

आमचा या खेळाशी परिचय झाला तो गिरणी संपात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. भोंगे थांबले, हाताला काम राहिले नाही, दिवस खायला उठू लागला. तेव्हा आमच्या चाळीतील एका वयस्क कामगाराने पुठ्ठ्यावर शाईने चौसष्ट घरे आखली. त्यांच्याकडच्या जुन्या संचातले दोन हत्ती हरवले होते. त्यांच्या जागी सुताच्या कांडीचे दोन तुकडे उभे राहिले. खेळणारे दोघे आणि चाल सुचवणारे दहा, असा तो थाट असे. त्या गलबल्यात हे वयस्क गृहस्थ मात्र शांत असत. सोंगटीला हात लावण्याआधी ते प्रत्येक वेळी पुटपुटत, "ह्याला काय पाहिजे?" म्हणजे समोरच्याने ही चाल का केली, त्याचा डोळा कशावर आहे? हे कळल्याशिवाय त्यांचा हात पुढे जात नसे. संपाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्यापाशी त्या दिवसांतली ही तीन शब्दांची शिदोरी तेवढी उरली.

सात चालींचा पहिला धडा

ज्यांच्या घरी पट असेल त्यांनी तो आता समोर घ्यावा. पांढऱ्या बाजूला बसून डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणायचे आणि आडव्या ओळींना आपल्याकडून १ ते ८ आकडे द्यायचे. म्हणजे प्रत्येक घराला पत्ता मिळतो. पांढरा राजा उभा असतो ते घर ई-१, त्याच्या शेजारी वजिराचे घर डी-१. पत्ता कळला की जगातला कोणताही डाव आपल्या घरात मांडता येतो.

आम्ही मुलांना पहिल्यांदा दाखवतो तो डाव फ्रान्समधल्या लेगाल नावाच्या जुन्या खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. अठराव्या शतकातली ही गोष्ट. डाव असा. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे ई-४ वर नेले, काळ्याने आपले ई-५ वर. पांढरा घोडा एफ-३ वर आला, काळ्याचे प्यादे डी-६ वर. पांढरा उंट सी-४ वर, काळा उंट जी-४ वर. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी-३ वर, काळ्याचे प्यादे जी-६ वर.

आता थांबा. काळा उंट जी-४ वर का आला? त्याच्यासमोर एफ-३ वरचा पांढरा घोडा आहे आणि त्या घोड्यामागे, त्याच तिरक्या रेषेत, पांढरा वजीर उभा आहे. घोडा हलला तर वजीर जाणार. घोडा जखडला गेला, असे कोणीही म्हणेल. पण पांढऱ्याने पाचव्या चालीला तोच घोडा उचलला आणि ई-५ वरचे प्यादे खाल्ले! काळ्याने आनंदाने वजीर घेतला. त्यावर पांढऱ्या उंटाने एफ-७ वरचे प्यादे खाऊन शह दिला. काळ्या राजाला जायला ई-७ हे एकच घर. तो तिथे गेला आणि दुसऱ्या पांढऱ्या घोड्याने डी-५ वर येऊन मात केली. वजीर गेला, पण दोन घोडे आणि एक उंट यांनी राजा कोंडला.

मुले टाळ्या वाजवतात. आम्ही म्हणतो, टाळ्या नंतर. आधी सांगा, काळ्याने वजीर घेतला नसता तर? त्याने आपल्या प्याद्याने तो घोडाच खाल्ला असता तर? मुले पट बघतात. मग कोणीतरी ओरडते की, पांढरा वजीर जी-४ वरचा उंट खाईल! बरोबर. घोड्याच्या बदल्यात उंट परत मिळाला आणि आधी खाल्लेले एक प्यादे वर शिल्लक राहिले. म्हणजे समोरच्याने वजीर घेतला काय किंवा न घेतला काय, पांढरा फायद्यातच होता. त्याने दोन्ही वाटांचा हिशेब आधी केला होता. याला धाडस म्हणत नाहीत, याला जमाखर्च म्हणतात.

आता खरी परीक्षा. हाच डाव, पण काळ्याने चौथ्या चालीला प्याद्याऐवजी घोडा सी-६ वर आणला आहे असे समजा. मग पांढऱ्याने तीच चाल करावी का? करू नये. कारण आता सी-६ चा काळा घोडा ई-५ वरचा पांढरा घोडा खातो आणि तिथूनच जी-४ वरच्या उंटाला आधारही देतो. पांढऱ्याचा घोडा गेला, हाती आले एकच प्यादे. एका घोड्याची जागा बदलली आणि सगळा हिशेब उलटला. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, युक्ती पाठ करू नका, तिचे कारण पाठ करा. युक्ती पाठ केलेला मुलगा फसतो. कारण समजलेली मुलगी थांबते, बघते आणि मग ठरवते.

तेरा वर्षांचा मुलगा आणि वजिराचे दान

दुसरा डाव मोठा आहे. १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमधील मार्शल चेस क्लबात तो खेळला गेला. पांढरी मोहरी घेऊन बसले होते डोनाल्ड बर्न. वय २६, त्या वेळच्या अमेरिकेतले नावाजलेले खेळाडू. समोर काळी मोहरी घेऊन बसला होता बॉबी फिशर. वय अवघे १३. या मुलाच्या आईने दोन लेकरे एकटीने वाढवली. थोरल्या बहिणीने १९४९ साली गोळ्या-चॉकलेटच्या दुकानातून बुद्धिबळाचा एक संच आणला आणि सोबतच्या कागदावरचे नियम वाचून दोघे भावंडे खेळू लागली. इथपासून त्याची सुरुवात.

या डावाची सारी कथा पांढऱ्या राजाच्या घराशी बांधलेली आहे. अकरावी चाल आली तेव्हा काळ्याने किल्लेकोट करून आपला राजा कोपऱ्यात सुखरूप ठेवला होता. पांढरा राजा मात्र अजून ई-१ वर, पटाच्या मधोमध उघडा होता. बर्न यांनी त्या चालीला राजाच्या सोयीकडे न बघता, आधी एकदा हललेला उंट पुन्हा हलवून जी-५ वर नेला. आम्ही इथे पुढची चाल कागदाने झाकतो आणि मुलांना विचारतो, आता काळ्याने काय करावे?

फिशरने बी-६ वरचा घोडा उचलून ए-४ वर, पटाच्या अगदी कडेला ठेवला. तिथे सी-३ चा पांढरा घोडा त्याला सरळ खाऊ शकत होता. मग हा घोडा फुकट दिला का? नाही. पांढरा वजीर सी-५ वर होता आणि काळा घोडा त्याच्यावर हल्ला करत होता. समजा, पांढऱ्याने तो घोडा खाल्ला, तर त्याचा सी-३ चा पहारेकरी जागेवरून हलला. तो पहारेकरी ई-४ वरच्या प्याद्याची राखण करत होता. मग काळ्याचा दुसरा घोडा ते प्यादे खातो आणि एकाच वेळी वजीर व जी-५ वरचा उंट या दोघांवर चढाई करतो. शिवाय काळा वजीर ए-५ वर येऊन उघड्या राजाला शह देऊ शकतो. बर्न यांनी हे ओळखले. त्यांनी घोडा न खाता वजीर ए-३ वर मागे घेतला.

पुढे घोड्यांची मारामारी झाली आणि काळ्याच्या उरलेल्या घोड्याने ई-४ चे प्यादे खाल्लेच. तेव्हा पांढऱ्या उंटाने ई-७ वरचे काळे प्यादे खाल्ले. वरवर पाहता हिशेब बरोबरीचा झाला. पण वाचकहो, बघा काय घडले. ई या उभ्या पट्टीवर, ज्या पट्टीवर पांढरा राजा उभा आहे, तिच्यावरचे शेवटचे प्यादेही निघून गेले. पांढऱ्याने आपल्याच हाताने आपल्या राजाच्या दारातली कडी काढली. सोळाव्या चालीला काळ्या हत्तीने ई-८ वर येऊन शह दिला. राजा एफ-१ वर सरकला आणि त्यामुळे त्याचाच एच-१ वरचा हत्ती कोपऱ्यात कोंडला गेला.

आता सतराव्या चालीचा क्षण. काळा वजीर बी-६ वर आहे आणि सी-५ वरचा पांढरा उंट त्याच्यावर चालून आला आहे. सी-३ वरच्या काळ्या घोड्यावर पांढऱ्या वजिराचा डोळा आहे. कोणीही माणूस आधी वजीर वाचवेल. फिशरने वजिराला हातही लावला नाही. त्याने जी-४ वरचा उंट ई-६ वर आणला, पांढऱ्या सी-४ वरच्या उंटाच्या समोर.

इथे आम्ही पुन्हा थांबतो. पांढऱ्यासमोर दोन मुख्य वाटा. पहिली वाट, ई-६ वरचा उंट खाणे. तसे केले तर सी-४ चे घर रिकामे होते आणि काळा वजीर बी-५ वरून शह देतो. राजा जी-१ वर जातो. घोडा ई-२ वर येऊन शह देतो. राजा पुन्हा एफ-१ वर. मग घोडा जी-३ वर उडी मारतो आणि घोडा व वजीर या दोघांचा एकदम शह बसतो. राजा जी-१ वर. आता काळा वजीर स्वतः एफ-१ वर जाऊन शह देतो. हत्तीला तो खावाच लागतो. आणि घोडा ई-२ वर परत येऊन मात करतो. राजाभोवती त्याचीच माणसे उभी, हलायला जागा नाही!

दुसरी वाट, वजीर खाणे. बर्न यांनी तीच धरली. काळ्या उंटाने सी-४ चा उंट खाऊन शह दिला. राजा जी-१ वर. मग घोड्याचे येणे-जाणे सुरू झाले. घोडा ई-२ वर शह देतो, राजा एफ-१ वर जातो. घोडा तिथून हलला की मागच्या उंटाचा शह उघडा पडतो. अशा चार चालींत घोड्याने डी-४ चे प्यादे खाल्ले आणि तो सी-३ वर परतला. चारही चाली शहाच्या, त्यामुळे पांढऱ्याला श्वास घ्यायला उसंत नाही. मग काळ्याने ए-७ च्या प्याद्याने बी-६ वरचा उंट खाल्ला. त्याबरोबर ए पट्टी मोकळी झाली आणि काळ्या हत्तीचा रोख थेट पांढऱ्या वजिरावर आला. थोड्याच चालींत डी-१ वरचा हत्तीही गेला. वजिराच्या बदल्यात काळ्याला एक हत्ती, दोन उंट आणि वर प्यादे मिळाले.

पुढचा खेळ आम्हाला सगळ्यात अधिक भावतो. पांढऱ्याजवळ वजीर होता, पण तो एकटा होता. त्याचा हत्ती कोपऱ्यातून बाहेर यायलाच वेळ गेला. काळ्याजवळ वजीर नव्हता, पण हत्ती, दोन उंट आणि घोडा एकमेकांना आधार देत चालत होते. पांढरा वजीर दूर बी-८ वर उभा राहून बघत राहिला आणि इकडे त्या चौघांनी राजाला एकेका घराने मागे रेटत एकेचाळिसाव्या चालीला हत्तीने सी-२ वर मात केली. पटावरचे सर्वांत बलवान मोहरे ज्याच्याकडे होते तो हरला. ज्यांचे मोल कमी, पण ज्यांच्यात मेळ होता, ते जिंकले.

हान्स क्मोख या बुद्धिबळ लेखकाने या डावाला 'शतकातील डाव' म्हटले. पण दोन गोष्टी मुलांना सांगायला आम्ही विसरत नाही. पहिली, ज्या स्पर्धेत हा डाव झाला ती फिशरने जिंकली नव्हती. पहिल्या पाचांतही त्याचा क्रमांक नव्हता. शतकातला डाव खेळणारा मुलगा त्याच स्पर्धेत इतर डाव हरला होता. तो १९७२ मध्ये जगज्जेता झाला, मधली सोळा वर्षे डाव मांडण्यात आणि तपासण्यात गेली. दुसरी, उतारवयात हाच माणूस एका संपूर्ण मानवसमूहाविषयी द्वेषाचे बोलू लागला. त्याची चाल घ्यावी, त्याचे ते बोलणे घेऊ नये. पटावरचे शहाणपण आपोआप आयुष्यात उतरत नाही, ते वेगळे शिकावे लागते.

एका मुलीचा कागद

आता जवळची गोष्ट. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत रविवारी दहा-बारा मुलेमुली खेळायला येतात. त्यांतल्या एका नववीतल्या मुलीचा हा अनुभव आहे. आई चार घरची कामे करते, वडील रखवालदार. मुलगी शाळांच्या स्पर्धेत गेली आणि ओळीने हरून आली. ज्या डावात ती जिंकत होती तोही हरली. तिथे कोणीतरी तिला ऐकवले की, हा खेळ तुझ्या डोक्याचा नाही.

आई आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, तुम्हीच सांगा, हिला यातून काही मिळणार आहे का? दोनशे रुपये फी, वर गाडीभाडं. हरून येते आणि जेवत नाही. पुढच्या वर्षी दहावी आहे. बंद करू का?"

प्रश्न रास्त होता. दोनशे रुपये म्हणजे त्या घरात दोन दिवसांची भाजी. आम्ही म्हटले, "ताई, आधी डाव बघू. मग ठरवा."

मुलीने दप्तरातून चुरगळलेला कागद काढला. स्पर्धेत प्रत्येक चाल लिहावी लागते, हे फार चांगले आहे. आम्ही डाव मांडला. बाराव्या चालीला तिच्या वजिराने दूर जाऊन बी-७ चे प्यादे खाल्ले होते. "फुकट होतं, काका," ती म्हणाली. आम्ही विचारले, "तुझा राजा कुठे आहे?" ई-१ वर होता. "आणि त्याच्यासमोर?" ई-५ वर तिचाच घोडा, त्याला कशाचाही आधार नाही, मध्ये एकही मोहरे नाही. आम्ही पुढे काही बोललो नाही. काळ्या हत्तीची पुढची चाल कागदावर होतीच, ई-८. घोडा राजासमोर जखडला गेला. तो हलला तर राजाला शह, त्यामुळे हलवता येईना. तिने प्याद्याने त्याला आधार दिला तर काळ्याने एफ-६ वर प्यादे आणून घोडाच खाल्ला. डाव तिथे गेला होता.

ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग मोहरी एक चाल मागे नेली, आणखी एक मागे नेली आणि बोट ठेवून म्हणाली, "इथे किल्लेकोट होत होता. तो केला असता तर हत्ती आला तरी घोडा मोकळा होता." हे आम्ही सांगितले नव्हते. तिचे तिने शोधले. आईला बुद्धिबळातले काही कळत नाही, पण ती सारे बघत होती. तिने विचारले, "म्हणजे हिचं डोकं कमी नाही, घाई जास्त आहे, असंच ना?"

आम्ही म्हटले, "असंच, ताई. आणि घाईवर औषध आहे."

मग त्याच पटावर आम्ही बर्न आणि फिशर यांचा डाव मांडला. मधोमध अडकलेला राजा, उघडी ई पट्टी, ई-८ वर आलेला काळा हत्ती. मुलगी बघतच राहिली. अमेरिकेतला नावाजलेला खेळाडू आणि ती, दोघांच्या राजाचे दुखणे एकच होते! त्या दिवसापासून 'हा खेळ तुझ्या डोक्याचा नाही' हे वाक्य तिच्यावर चालत नाही. चुका जातीच्या, पैशाच्या, जन्माच्या नसतात. चुका चालींच्या असतात आणि चाल सुधारता येते.

घरात असे ठरले की, वर्षातून दोन स्पर्धा आणि रविवारचा खेळ, बाकी वेळ अभ्यास. पुढच्या स्पर्धेत ती सहा डाव खेळली. तीन जिंकली, एक बरोबरीत सुटला, दोन हरली. बक्षीस नाही मिळाले. पण सहाही कागद नीट घडी घालून आणले आणि त्या रात्री ती जेवली.

लिहिलेला डाव टिकतो

डाव लिहून ठेवण्याचे मोल आम्हाला आणखी एका माणसामुळे कळले. मीर सुलतान खान हे पंजाबातले. जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी ते होते. त्यांचा हात देशी बुद्धिबळात तयार झाला होता, ज्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. धन्याबरोबर ते विलायतेला गेले, तिथले नियम शिकले आणि १९२९ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. आणि १९३३ साली त्याच घरातील फातिमा ब्रिटनच्या महिला विजेत्या ठरल्या. धनी मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले आणि मोठ्या स्पर्धांतून त्यांचे नाव दिसेनासे झाले. १९६६ मध्ये ते वारले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी!

मान इतक्या उशिरा मिळाला. पण त्यांचे डाव कोणी पुसू शकले नाही, कारण ते कागदावर लिहिलेले होते. त्यामुळे कापाब्लांका खरेच हरले का, असा वाद कोणाला घालता येत नाही. पट मांडावा आणि बघावे.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. नागपूरची दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ती ग्रँडमास्टर झाली. वय १९. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी, दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती. मोठ्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांत, घड्याळ धावत असताना, अखेर निकाल लागला. एवढ्या अनुभवी खेळाडूचीही घाईच्या वेळी चूक होते, हे तो डाव मांडल्यावर दिसते. दिव्याला प्रशिक्षण मिळाले, घरच्यांची साथ मिळाली, हे खरे आहे. ते सगळे आपल्या प्रत्येक घरात नसते, हेही खरे आहे. आपली प्रत्येक मुलगी ग्रँडमास्टर होईल, असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. परंतु डाव वाचायला पैसे पडत नाहीत.

घरी काय करावे ते थोडक्यात सांगतो. आठवड्यातून एक डाव पुरे. मोबाईलवर आज जगातले डाव फुकट मिळतात. त्यातला एक कागदावर उतरवून घ्यावा आणि मोबाईल बाजूला ठेवावा. पुढची चाल झाकावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत. समोरच्याला काय पाहिजे? दोन्ही राजे कुठे आहेत? कोणते मोहरे आधाराविना उभे आहे? मुलाने आपली चाल सांगितली की लगेच चूक म्हणू नये. त्यावर समोरचा काय करील, हे त्यालाच खेळून दाखवायला सांगावे. मगच कागद उघडावा. मोबाईलमधले यंत्र क्षणात उत्तर देते, पण आधी त्याला विचारले तर उत्तर मिळते आणि विचार राहून जातो. त्याला सर्वांत शेवटी विचारावे.

आणि स्वतःचे डाव तपासताना जिंकलेल्यापेक्षा हरलेला डाव आधी घ्यावा. जिंकलेल्या डावात समोरच्याच्या चुका आपल्या हुशारीत जमा होतात. हरलेला डाव खरे बोलतो. मूल हरून घरी आले की, 'किती मार्क पडले' अशा सुरात 'कितवा नंबर आला' असे विचारू नये. पाण्याचा तांब्या द्यावा, जेऊ घालावे आणि दुसऱ्या दिवशी म्हणावे, चल, मांड तो डाव, कुठे बिघडले ते बघू. आईबापांना खेळ येत नसला तरी चालेल. शेजारी बसून "ह्याला काय पाहिजे होतं?" एवढे विचारता आले तरी पुरे आहे. उत्तर पोर स्वतः शोधील.